काशीत पहिल्यांदा उतरताना

काशीला गेल्यावर काय काय पाहावं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. उतरावं कुठे, पोहोचावं किती वाजता आणि पहिली संध्याकाळ कशी घालवावी, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते जुन्या शहराच्या बाबतीत हे तीन प्रश्न त्या यादीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत. काशी स्वच्छ की घाण, प्रेमळ की लुबाडणारी, याविषयी लोक परत येऊन जे सांगतात ते बहुतेक वेळा त्यांच्या पहिल्या चोवीस तासांत ठरलेलं असतं. मध्यरात्री उतरलेला, रिक्षावाल्याशी भांडलेला आणि जड बॅग ओढत गल्लीत हरवलेला माणूस पुढे चार दिवस त्याच रागात फिरतो. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पहिल्या दिवसासाठी आणि हॉस्टेलमध्ये उतरू पाहणाऱ्यांसाठी आहे.

हॉस्टेलमध्ये खोली नव्हे, पलंग भाड्याने मिळतो. एका खोलीत चार, सहा, आठ, कधी त्याहून जास्त जणांची सोय असते, पलंग एकावर एक असतात. बाथरूम सामायिक, बसायला एक मोठी खोली किंवा गच्ची, क्वचित छोटं स्वयंपाकघर. गर्दीचे दिवस सोडले तर एका रात्रीला साधारण पाचशे ते हजार रुपये पडतात. पैसे वाचतात हे खरं, पण माझ्या दृष्टीने ते दुय्यम. तिथे काल आलेलं, परवा आलेलं कुणीतरी भेटतं आणि नावेचा आजचा भाव काय चाललाय, कोणती गल्ली खोदून ठेवलीय, पहाटे दर्शनाची रांग किती होती, हे ताजं ताजं कळतं. एकट्या माणसाला अनोळखी शहरात याहून मोठी मदत नाही.

मात्र आईवडिलांना घेऊन किंवा धार्मिक विधींसाठी जात असाल तर हॉस्टेलच्या वाटेला जाऊ नका. त्यांना जिना न चढता मिळणारी खोली, स्वतंत्र बाथरूम आणि पहाटे गरम पाणी लागतं. ते धर्मशाळेत किंवा साध्या लॉजवर मिळेल. बरीच हॉस्टेलं अठरा वर्षांखालच्यांना घेत नाहीत, काहींची वरच्या वयाचीही अट असते. मुलांना सोबत नेणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा.

पलंग कुठे घ्यावा

बुकिंगच्या आधी शहराची रचना डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते. जुनं शहर सगळं पश्चिम काठावर, समोर रेतीचं मोकळं पात्र. म्हणजे कोणत्याही घाटावर नदीकडे तोंड करून उभं राहिलात की समोर पूर्व, उजवा हात दक्षिणेला अस्सीकडे आणि डावा हात उत्तरेला राजघाटाकडे. दक्षिणेच्या अस्सीपासून उत्तरेच्या वरुणासंगमापर्यंत सहा-सात किलोमीटरच्या काठावर चौऱ्याऐंशी घाट मोजतात. दशाश्वमेध साधारण मध्यावर, विश्वनाथाचं मंदिर त्याच्या जवळ, आणि मणिकर्णिका त्याच्या थोडी उत्तरेला. इतकं पाठ असलं की काशीत कायमचं हरवता येत नाही.

पहिल्यांदा आणि एकटं जाणाऱ्याने अस्सी किंवा त्याला लागून असलेल्या भदैनी, शिवाला या भागात पलंग घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. इथले रस्ते तुलनेने रुंद आहेत, ई-रिक्षा बऱ्याच ठिकाणी दारापर्यंत येते. बनारस हिंदू विद्यापीठ जवळ असल्याने विद्यार्थ्यांची वर्दळ असते, खाणावळी उशिरापर्यंत चालू असतात आणि रात्री नऊला परतताना रस्ता ओस पडलेला नसतो. विश्वनाथ मंदिर इथून तीनेक किलोमीटर लांब पडतं, पण ते अंतर घाटाघाटाने चालत जायचं असल्यामुळे तो तोटा मी मानत नाही. उलट काशीतलं सर्वांत चांगलं चालणं तेच.

दशाश्वमेध, बंगाली टोला आणि चौक हा खरा जुना गाभा. जे पाहायचं ते सगळं पायाखाली, पण गाडी गोदौलिया चौकाच्या आसपास सोडून पुढे पायीच जावं लागतं, आणि सणावाराला तर त्याच्याही बरंच अलीकडे उतरवतात. खोल्यांना उजेड कमी, खाली दुकानं, पहाटेपासून घंटा. गर्दीची सवय असलेल्याला इथे राहणं फार आवडेल. ज्याला झोप महत्त्वाची आहे त्याने टाळावं. पंचगंगा घाटाच्या पुढचा उत्तरेचा भाग शांत आणि सुंदर आहे, तिथे हॉस्टेलं थोडीच आहेत. ती दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. स्टेशनजवळचा कँट, सिगरा, लहुराबीर हा भाग फक्त पहाटेची गाडी असेल तेव्हा एका रात्रीपुरता.

जाहिरातीतलं ‘घाटापासून पाच मिनिटं’ हे वाक्य तपासून घ्या. हॉस्टेलला फोन करून तीनच गोष्टी विचारा: गाडी नेमकी कुठपर्यंत येते, तिथून सामानासह चालत किती वेळ लागतो, आणि नाक्यावर घ्यायला कुणी येईल का. गल्लीतली बहुतेक चांगली हॉस्टेलं माणूस पाठवतात. जो फोनवर या तीन प्रश्नांना धड उत्तर देत नाही, तो रात्री पाणी गेल्यावरही धड उत्तर देणार नाही.

रिव्ह्यू वाचताना पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे बाजूला ठेवा. तीन-चार ताऱ्यांचे, गेल्या दोन-तीन महिन्यांतले वाचा. त्यात ढेकूण, लॉकर, गीझर, ओल आणि रात्रीचा गोंगाट या पाच गोष्टींचा उल्लेख शोधा. गच्चीवरून गंगा दिसते या एका फोटोवर भुलून पैसे भरणारे फार. गच्ची सगळ्यांना मिळते, झोपायचं असतं ते खालच्या खोलीत. म्हणून खोलीचा फोटो पाहा, त्यात खिडकी आहे का ते पाहा. आणि सुरुवातीला एक किंवा दोनच रात्रींचं बुकिंग करा. आवडलं तर तिथेच वाढवा, नाही तर दुसऱ्या दिवशी स्वतः फिरून, गादी दाबून पाहून दुसरं घ्या. याला अपवाद तीन: कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी, महाशिवरात्र आणि वर्षअखेरचा आठवडा. तेव्हा पलंग मिळणं मुश्किल होतं आणि भाव कित्येक पट चढतात, त्यामुळे सगळ्या रात्री आधीच पक्क्या करा.

स्टेशनं अनेक, तारखा दोन

वाराणसीत उतरण्याची स्टेशनं एकापेक्षा जास्त आहेत आणि नवख्यांचा इथेच गोंधळ होतो. वाराणसी जंक्शन, ज्याला सगळे कँट म्हणतात, ते मुख्य. ‘बनारस’ नावाचं स्टेशन वेगळं आहे. ते पूर्वीचं मंडुआडीह, 2021 मध्ये त्याचं नाव बदललं. वाराणसी सिटी तिसरं, आणि राजघाटाच्या पुलाशी असलेलं काशी हे चौथं. याशिवाय गंगेपलीकडे पंधरा-सतरा किलोमीटरवर पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे 2018 पर्यंतचं मुगलसराय. पाटणा-हावड्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या वाराणसीत न शिरता तिथेच थांबतात. तिथे उतरावं लागलं तर हरकत नाही, शहरात यायला वाहनं मिळतात, पण पूल ओलांडायला लागणारा वेळ हिशेबात धरा. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर.

मुंबईहून मध्यरात्र उलटल्यावर सुटणारी गाडी पकडणार असाल तर तिकिटावरची तारीख नीट वाचा. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी बारा वाजून काही मिनिटांनी, म्हणजे तिकीट शनिवारचं हवं. हीच चूक हॉस्टेलच्या बुकिंगमध्येही होते: गाडी रविवारी पहाटे चार वाजता पोहोचणार असेल आणि लगेच पलंग हवा असेल, तर बुकिंग शनिवारच्या रात्रीपासूनचं लागतं. रविवारचं बुकिंग केलंत तर पलंग दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान हातात येईल. सामान ठेवून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, आंघोळीचं मात्र आधी विचारून ठेवावं.

शक्य असेल तर दिवसाउजेडी पोहोचेल अशीच गाडी निवडा. ते जमलं नाही तर पहाटे चारला शहरात घाई करू नका. स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात बसा, चहा घ्या, उजाडू द्या आणि मग निघा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या काही तास, कधी अर्धा दिवसही उशिरा येतात. अशा वेळी हॉस्टेलला गाडी कुठवर आली ते कळवत राहा, म्हणजे तुमचा पलंग दुसऱ्याला दिला जाणार नाही.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला हॉस्टेलचं नाव सांगू नका. ‘गोदौलिया’ किंवा ‘अस्सी’ एवढंच सांगा. नाव कळलं की ‘ते बंद झालं’, ‘तिकडचा रस्ता अडवलाय’, ‘त्याहून चांगलं दाखवतो’ ही वाक्यं सुरू होतात, कारण गिऱ्हाईक नेऊन दिलं की काही ठिकाणी दलाली मिळते. असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोरच हॉस्टेलला फोन लावा. विषय तिथे संपतो. ॲपवरची गाडी शहरात मिळते. शेअर रिक्षा सर्वांत स्वस्त, पण पाठीवर मोठी सॅक असताना पहिल्याच दिवशी ती नको. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ‘पूर्ण गाडीचं की माणशी’ हे विचारायला विसरू नका.

आता गल्ली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं इतकी अरुंद वाट, पायाखाली गुळगुळीत झालेल्या दगडी फरशा, मध्येच दोन पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली. त्यातून मोटारसायकल हॉर्न वाजवत येते, पुढे सांड उभा असतो, आणि मागून ‘राम नाम सत्य है’ म्हणत तिरडी आली की सगळी गल्ली भिंतीला चिकटते. तुम्हीही चिकटा, थांबा, जाऊ द्या. म्हणूनच चाकांची ट्रॉली बॅग इथे कामाची नाही. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची सॅक, आणि तीही स्वतःला उचलून तीन मजले चढता येईल एवढीच.

उंच भिंतींमुळे मोबाईलच्या नकाशातला निळा ठिपका गल्लीत भलतीकडे दाखवतो. रस्ता चुकलात तर गल्लीतच शोधत बसू नका, ‘घाट किधर?’ विचारून सरळ नदीवर उतरा. घाटांची नावं भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहेत. तुमच्या हॉस्टेलच्या जवळचा घाट ठाऊक असला की काठाने तिथवर जायचं आणि तिथून वर चढायचं. हॉस्टेलचा पत्ता लिहून घेताना त्यासोबत जवळचा घाट आणि जवळचं मंदिर किंवा दुकान एवढं लिहून ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी कागद उपयोगी पडतो.

खोलीत शिरल्यावर

ओळखपत्र म्हणून आधार किंवा वाहन परवाना ठेवा. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते बहुधा चालत नाही. पलंग निवडायला मिळाला तर खालचा घ्या, पण दाराजवळचा नको, रात्रभर ये-जा असते. गादीची शिवण आणि लाकडाच्या फटी मोबाईलच्या उजेडात पाहा. काळे बारीक ठिपके दिसले तर ते ढेकणांचे, तेव्हाच खोली बदलून मागा. संकोच करू नका. सकाळी अंगावर गांधी उठल्यावर तक्रार करून उपयोग नसतो. उशाशी चार्जिंगचा पॉइंट चालतो का, पडदा आहे का, लॉकरचं दार नीट बसतं का हे पाहून मगच सामान सोडा. कुलूप स्वतःचं न्या. हॉस्टेलचं कुलूप म्हणजे दुसरी किल्ली कुणाकडे तरी असणारच.

घरून आणखी चार वस्तू आणाव्यात: कानात घालायचे बोळे, बाथरूमसाठी रबरी चपला, छोटी टॉर्च आणि सुती पंचा. जाड टॉवेल थंडीच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही, पंचा तासाभरात वाळतो. कपडे गच्चीवर वाळत घातलेत तर चिमटे लावा आणि लक्ष ठेवा, माकडं खूप आहेत. चष्मा, खाऊची पिशवी, मोबाईल गच्चीच्या कठड्यावर ठेवू नका आणि खिडकी उघडी टाकून बाहेर जाऊ नका.

सामायिक खोलीत राहण्याचे नियम भिंतीवर लिहिलेले असोत-नसोत, ते पाळा. सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे पहाटे नावेसाठी निघणाऱ्यांची चुरचुरणारी प्लॅस्टिकची पिशवी. पहाटे निघायचं असेल तर कपडे आणि सामान आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा, गजर व्हायब्रेशनवर लावून उशीखाली ठेवा, दिवा न लावता टॉर्चवर आवरा. घरच्यांशी व्हिडिओ कॉल गच्चीवर जाऊन करा. चिवडा-लाडवांचा डबा जरूर न्या, पण पलंगावर बसून खाऊ नका. बैठकीच्या खोलीत उघडा आणि पुढे करा. ओळखी व्हायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

एकट्या जाणाऱ्या मुलींनी फक्त महिलांसाठीची खोली असलेलं हॉस्टेल निवडावं आणि बुकिंगमध्ये तसा पलंग खरोखर नोंदला गेलाय याची फोनवर खात्री करावी. काही ठिकाणी ती खोली भरली की न विचारता मिश्र खोलीत जागा देतात. रात्री स्वागतकक्षात कुणी असतं का, मुख्य दार कधी बंद होतं, आतून कडी नीट लागते का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. महिलांनी लिहिलेले रिव्ह्यू वेगळे काढून वाचा. घाटांवर रात्री दहानंतर, दशाश्वमेध आणि अस्सी सोडून मधल्या निर्जन पायऱ्यांवर, एकटं चालू नये. हे मी मुलांनाही सांगेन. मध्ये अंधाराचे पट्टे आहेत, कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. सूर्योदयाच्या सुमारास मात्र घाट स्नानाला आलेल्या बायाबापड्यांनी भरलेला असतो, त्या वेळी निर्धास्त चाला.

पहिली संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी दर्शन, नाव आणि साडीची खरेदी, यांतलं काहीही करू नका. तिन्हींमध्ये भाव आणि रीत माहीत नसलेला माणूस फसतो. आंघोळ करा, एक तास झोपा, चार-साडेचारला बाहेर पडा आणि जवळच्या घाटावरून नदीच्या काठाने एका दिशेला चालत राहा. दमलात की बसा. नाववाले विचारतील, ‘कल देखेंगे भइया’ म्हणून नमस्कार करा. दिवसभरात वीस वेळा म्हणावं लागेल, प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणा. एखाद्या नावेवर बसलेले यात्रेकरू दिसले तर त्यांनाच विचारा, किती दिले. दोन-तीन जणांना विचारलं की उद्याचा भाव तुम्हाला कळलेला असेल.

दशाश्वमेधावर कुणी हात मिळवायला पुढे आला आणि हात सोडेना, उलट बोटं दाबायला लागला, तर तो मालिशवाला. हात काढून घ्या, नाही तर पाठ-डोकं चोळून होईपर्यंत पैशांची भाषा निघत नाही. कपाळावर गंध लावणाऱ्याचंही तसंच. द्यायचे असतील तर दहा-वीस रुपये आनंदाने द्या, पण ते तुम्ही ठरवून द्या. गंगेची आरती सूर्यास्तानंतर होते, वेळ ऋतूप्रमाणे बदलते. पहिल्या दिवशी पुढची जागा धरायला दीड तास आधी जाऊन बसण्याऐवजी कडेला पायऱ्यांवर उभं राहून पाहा आणि संपण्याच्या पाच मिनिटं आधी निघा. आरतीनंतर गोदौलियाकडे जाणारा लोंढा फार मोठा असतो.

विश्वनाथाच्या दर्शनाला दुसऱ्या दिवशी पहाटे जा. मोबाईल आत नेता येत नाही, तेव्हा तो हॉस्टेलच्या लॉकरमध्येच ठेवून निघा, म्हणजे ‘सामान इथे ठेवा, प्रसाद आमच्याकडून घ्या’ म्हणणाऱ्या दुकानांची गरज पडत नाही. सशुल्क सुगम दर्शन घ्यायचं असेल तर मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा खिडकीवरूनच घ्यावं. गल्लीत गाठणाऱ्या माणसाकडून घेऊ नये.

मणिकर्णिकेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथे आपल्याकडची तरुण मुलं वागतात ते बघवत नाही. तिथे रात्रंदिवस चिता जळतात. प्रत्येक चितेपाशी उभं असलेलं कुटुंब काही तासांपूर्वी आपल्या माणसाला घेऊन आलेलं असतं. तिथे फोटो काढू नये, व्हिडिओ काढू नये, नावेतूनही काढू नये, कुणी पैसे घेऊन ‘चालतं’ म्हणालं तरी काढू नये. जायचं तर दोघा-तिघांनी जावं, कडेने जावं, थोडा वेळ मुकाट उभं राहावं आणि परतावं. तिथे एखादा माणूस स्वतःहून माहिती सांगू लागतो, वरच्या मजल्यावरून नीट दिसेल म्हणतो आणि शेवटी गरिबांच्या चितेच्या लाकडासाठी दान मागतो. नम्रपणे हात जोडून सुरुवातीलाच नको म्हणावं. दक्षिणेकडच्या हरिश्चंद्र घाटावरही दहन होतं, तिथेही हेच.

आपल्या माणसांची काशी

दुसऱ्या सकाळी एक चालणं मराठी वाचकांनी जरूर करावं. मणिकर्णिका ओलांडली की एका बाजूला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ दिसतं आणि त्याला लागून शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी 1830 मध्ये तो बांधवला आणि त्याच्याच भाराने काठ खचला. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, त्याच्या वरचा मजबूत दगडी वाडा. मग राम घाट, जटार घाट, आणि बालाजी घाट, जिथल्या मंदिरात बिस्मिल्ला खाँ शहनाईचा रियाज करत. त्यापुढे पंचगंगा. तिथे अहिल्याबाईंनी उभारलेला दगडी दीपस्तंभ आहे, कार्तिकात बांबूंवर आकाशदिवे टांगतात. विश्वनाथाचं आजचं मंदिरही 1780 च्या सुमारास अहिल्याबाईंनीच बांधलं. पंचगंगेच्या पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. त्यांच्या वरच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. दारावरची आडनावं वाचत चाला, कुणी वृद्ध ओट्यावर बसलेले असतील तर मराठीत नमस्कार करा. एकनाथांनी आपलं भागवत 1573 मध्ये काशीतच पूर्ण केलं, शिवरायांच्या राज्याभिषेकाला 1674 मध्ये गागाभट्ट इथूनच आले, आणि झाशीच्या राणीचं जन्मस्थान अस्सीजवळच्या भदैनीत आहे. हॉस्टेलच्या सहलींत हा भाग सहसा नसतो, तो आपला आपण चालावा.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी, तीही दहाच्या आत, नंतर कढई उतरते. संध्याकाळी टमाटर चाट, थंडीत फक्त सकाळी मिळणारं दुधाच्या फेसाचं मलइयो, कुल्हडातली लस्सी. पोट नाजूक असेल तर पहिल्या दिवशी फक्त गरम आणि समोर तळलेलं खा, पाणी बाटलीतलं किंवा हॉस्टेलच्या गाळणीचं घ्या. भांग इथे सरकारमान्य दुकानात विकली जाते आणि थंडाई किंवा लस्सीतून सहज पुढे केली जाते. एकट्याने आलेल्याने ती घेऊ नये. तिचा अंमल उशिरा चढतो, म्हणून माणूस दुसरा पेला मागतो, आणि मग अनोळखी गल्लीत रात्र काढायची वेळ येते.

जाण्यासाठी नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम. मे-जूनमध्ये दुपारी बाहेर पडवत नाही. जुलैअखेर ते सप्टेंबर गंगा चढते, खालच्या पायऱ्या बुडतात, घाटाघाटाने चालता येत नाही, नावा बंद ठेवतात. पाणी ओसरल्यावरही पायऱ्यांवर पुरुषभर गाळ साचलेला असतो आणि तो पंपाच्या पाण्याने धुऊन काढेपर्यंत ऑक्टोबर येतो. हातात एक जादा दिवस असेल तर दहा किलोमीटरवरच्या सारनाथला द्या, पण शुक्रवारी नको. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष ज्या संग्रहालयात आहे ते शुक्रवारी बंद असतं.

परत आल्यावर एक काम करा. ज्या हॉस्टेलात राहिलात त्याचा रिव्ह्यू लिहा, आणि ‘मस्त जागा, छान लोक’ एवढ्यावर थांबू नका. गाडी कुठे सोडते, जिने किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, महिलांच्या खोलीची कडी लागते का, खिडकी उघडते का, हे लिहा. तारीख घाला. मराठीतही लिहा. पुढच्या महिन्यात एखादी मुलगी पहिल्यांदाच एकटी निघणार असेल आणि तिच्या घरी काळजी चाललेली असेल, तर त्या घराला तुमच्या त्या दहा ओळींचा फार उपयोग होईल.